वादळात छप्पर गेलं आणि विम्याचा क्लेम अडकला: काय तपासायचं, कोणत्या क्रमाने

दरवर्षी मे-जूनमध्ये वारा सुटतो, कौलं उडतात, पत्रे फाटतात आणि दोन-तीन महिन्यांनी विमा कंपन्यांची पत्रं यायला लागतात. पत्रांतली भाषा ठरलेली असते आणि क्लेम अडण्याची कारणंही तीच. त्यातली बहुतेक घरमालकाला स्वतःच दूर करता येतात, काही वादळाच्या आठवड्यातच आणि काही पत्र हातात पडल्यावरही.

पुढचं सगळं भारतातल्या घरविम्याबद्दल आहे. १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही एकाच मजकुराची प्रमाणित पॉलिसी सर्वसाधारण विमा कंपन्यांनी देणं विमा नियामक आयआरडीएआयने बंधनकारक केलं. मुख्य भर तिच्यावर आहे. तुमची पॉलिसी वेगळी किंवा जुनी असेल तर फरक कुठे पडतो, ते त्या त्या ठिकाणी दिलं आहे.

लक्षणं

यातलं तुमच्याकडे काय झालं आहे ते आधी ओळखा.

- पत्रात ‘झीज’, ‘देखभालीचा अभाव’ किंवा ‘जुनं बांधकाम’ असं लिहून क्लेम नाकारला आहे.
- ‘गळती’ किंवा ‘ओल’ म्हणून नाकारला आहे.
- ‘त्या दिवशी वादळ झाल्याचं सिद्ध होत नाही’ असं म्हटलं आहे.
- क्लेम मंजूर झाला, पण खर्च दीड लाख आणि हातात सत्तर हजार.
- छपराचे पैसे मिळाले. भिजलेल्या गाद्या, फ्रीज, टीव्हीचे मिळाले नाहीत.
- सर्व्हेअर, म्हणजे नुकसानीची पाहणी करणारा माणूस, येऊन गेला, नंतर कोणी काही बोलत नाही. किंवा दर आठवड्याला एक नवा कागद मागितला जातो.
- पैसे मंजूर झाले आणि परस्पर बँकेच्या कर्जखात्यात गेले.

सगळ्यात आधी: ही खरंच घराची पॉलिसी आहे का?

दहा मिनिटांचं, फुकटचं काम, आणि नेमकं हेच शेवटी केलं जातं. गृहकर्ज घेताना बँकेने ‘इन्शुरन्स’ म्हणून जे पैसे कापले, तो पुष्कळदा कर्जदाराचा आयुर्विमा असतो. कर्जदाराचं निधन झालं तर उरलेलं कर्ज फेडणारा. त्यात छपराचा काही संबंध नसतो. पॉलिसीच्या पहिल्या पानावर, म्हणजे शेड्यूलवर, विमा कशाचा आहे ते पाहा: इमारतीचा, इमारत आणि सामान दोन्हींचा, की माणसाचा.

मग त्याच पानावर चार गोष्टी. वादळाच्या तारखेला पॉलिसी चालू होती का? पत्ता बरोबर आहे का? गावाकडच्या घरांचा घर क्रमांक ग्रामपंचायतीच्या घरपट्टी आकारणीच्या उताऱ्याशी (नमुना आठ) जुळायला हवा, कारण एका वाडीत एकाच आडनावाची दहा घरं असतात. बांधकामाचा प्रकार काय लिहिला आहे? गवत, झावळ्या, बांबू, ताडपत्री, लाकडी फळ्या यांच्या भिंती किंवा छप्पर असेल तर ते कच्चं बांधकाम धरतात. कौलारू किंवा पत्र्याचं छप्पर आणि चिऱ्याच्या भिंती असलेलं घर त्यात येत नाही. चौथी गोष्ट म्हणजे क्षेत्रफळ. ती पुढे लागणार आहे.

जुन्या अग्निविमा पॉलिसीत एक खाच असते. वादळ-पुराचं संरक्षण काढून टाकून प्रीमियम कमी करून घेता येत असे. ते काढलेलं असेल तर शेड्यूलवर तशी नोंद असते. असेल, तर वादळाचा क्लेम तिथेच संपतो. त्याच्या मागे वेळ घालवू नका. या जुन्या पॉलिसीतलं आघाताचं कलम सहसा वाहनाच्या किंवा जनावराच्या धडकेपुरतंच असतं, त्यामुळे पडलेलं झाड किंवा उडून आलेला पत्रा त्यात बसेल असं धरून चालू नका.

बँकेचं नाव शेड्यूलवर असेल तर पैसे बँकेकडे जाणं नियमाला धरूनच आहे. शाखेला पत्र द्या की रक्कम दुरुस्तीसाठी हवी आहे, ती मूळ कर्जात वळती करू नये, आणि सोबत दुरुस्तीची बिलं जोडा. हे पत्र क्लेम दाखल करतानाच दिलं तर पुढचा वाद टळतो.

तारखा

नुकसान दिसताच कंपनीला कळवायचं आणि क्लेम फॉर्म नुकसान लक्षात आल्यापासून ३० दिवसांच्या आत द्यायचा. फोनवर कळवलं तर तक्रार क्रमांक घ्या आणि त्याच दिवशी त्या क्रमांकाचा उल्लेख करून ई-मेल करा. वादळानंतर आठ-दहा दिवस वीज आणि नेटवर्क नसणं कोकणात नवीन नाही. तसं झालं असेल तर उशिराचं कारण फॉर्मसोबत लिहून द्या; ते मागाहून तोंडी सांगण्याला काही वजन राहत नाही.

मुंबईत राहणाऱ्यांची गावची घरं वर्षातून दहा महिने बंद असतात. काही पॉलिसींमध्ये घर ठरावीक दिवसांपेक्षा जास्त काळ बंद राहणार असेल तर कंपनीला आधी कळवण्याची अट असते. ती तुमच्या पॉलिसीत आहे का, हे वादळाआधीच पाहून ठेवा. बंद घराचं नुकसान लक्षात आलं ती तारीख वादळाच्या तारखेपेक्षा वेगळी असू शकते. फॉर्मवर दोन्ही तारखा लिहा आणि शेजाऱ्याने फोन केला असेल तर तेही लिहा.

फॉर्मवर कारण काय लिहिलं आहे?

‘झीज’ आणि ‘गळती’ या दोन्ही नकारांचं मूळ बहुतेक वेळा इथे सापडतं. ‘नुकसानीचं कारण’ या रकान्यात लोक घाईने लिहितात:

‘अतिवृष्टीमुळे छप्पर गळून घरात पाणी आले.’

हे वाक्य स्वतःच क्लेम बुडवतं. छप्पर गळणं ही हळूहळू होणारी गोष्ट आहे आणि विमा अचानक घडलेल्या घटनेचा असतो. खरं घडलेलं असतं ते असं:

‘दुपारी एकच्या सुमारास वादळी वाऱ्याने दक्षिणेकडच्या पाख्यावरची वळचणीपासूनच्या पाच ओळींची कौलं व आढ्यावरचे सात कोने उडाले, दोन रिपा तुटल्या. त्या उघड्या झालेल्या भागातून पाऊस आत आला व माजघरातील सामान भिजले.’

(पाखं म्हणजे छपराची एक उतरती बाजू, वळचण म्हणजे तिची खालची कड, आढं म्हणजे छपराचा वरचा कणा, कोने म्हणजे आढ्यावरची कौलं, रिपा म्हणजे कौलांखालच्या लाकडी पट्ट्या.) दुसऱ्या वाक्यात क्रम आहे: आधी वारा, मग भोक, मग पाणी. सर्व्हेअरला अहवालात हाच क्रम लिहायचा असतो. तो तुमच्या फॉर्ममध्ये नसेल तर त्याला अंदाज बांधावा लागतो, आणि अंदाज जुन्या छपराच्या विरोधात जातो. फॉर्म आधीच चुकीचा गेला असेल तर खुलाशाचं पत्र द्या. ते देण्याला बंदी नाही. मात्र जे घडलं तेच लिहा. छप्पर खरोखरच तीन पावसाळे गळत असेल आणि यंदा जास्त गळलं असेल, तर तो विम्याचा विषय नाही. खोटा क्लेम सापडला तर खरा भागही हातचा जातो.

कारण नेमकं ओळखण्याचा आणखी एक फायदा आहे. भारत गृह रक्षामध्ये वादळाव्यतिरिक्त ‘बाहेरच्या वस्तूचा आघात’ ही वेगळी जोखीम आहे. फणसाची फांदी कौलांवर पडली किंवा शेजारच्या गोठ्याचा पत्रा उडून तुमच्या छपरात घुसला, तर तो आघात आहे. तिथे वारा किती होता हे सिद्ध करायची गरजच उरत नाही. गच्चीवरची पाण्याची टाकी फुटून किंवा ओसंडून नुकसान झालं तर त्यालाही स्वतंत्र संरक्षण आहे. वीज पडली तर तेही वेगळं. छप्पर उघडं पडल्यावर सात दिवसांच्या आत घरातून चोरी झाली तर ती चोरीही धरली जाते, पण त्यासाठी पोलिसात तक्रार हवी.

फोटो

फोटो सगळेच काढतात. नुसत्या भोकाचा फोटो मात्र भोक कशाने पडलं ते सांगत नाही. लागणारे फोटो असे:

घराच्या चारही कोपऱ्यांतून एकेक, आख्खं छप्पर दिसेल असे. यातून कोणत्या बाजूचं गेलं आणि कोणत्या बाजूचं शाबूत राहिलं ते दिसतं. वारा छपराला नुसता ढकलत नाही, तो त्यावरून वाहताना छप्पर वर ओढतो, आणि ही ओढ वळचणीला, आढ्यापाशी आणि बाजूच्या कडांना सगळ्यात जास्त असते. म्हणून वादळाचं नुकसान एका बाजूला, कडेपासून आत सरकत गेलेलं, सलग दिसतं. म्हातारपणाचं नुकसान छपरभर विखुरलेलं असतं: इथे एक कौल, तिथे एक.

मग आतून, खाली उभं राहून वर बघत. त्यानंतर जवळून, शेजारी मोजपट्टी धरून. घराबाहेर पडलेल्या तुकड्यांचेही, ते पडले तिथेच असताना. अंगणात वीस फुटांवर पडलेला पत्रा वाऱ्याचा जोर जितका सांगतो तितका कोणताही कागद सांगत नाही.

व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला की त्याच्या आत दडलेली तारीख-वेळ आणि ठिकाणाची माहिती निघून जाते. सर्व्हेअरला फोटो ई-मेलने किंवा ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा आणि मूळ फोटो फोनमधून पुसू नका.

वादळापूर्वीचं छप्पर दाखवणारा एखादा फोटो शोधा. गणपतीत आरास केलेल्या खोलीचा फोटो, ज्यात वरचे वासे आणि कौलांची आतली बाजू कोरडी दिसते, तो उत्तम. लग्नात घरासमोर काढलेला ग्रुप फोटोही चालतो. एप्रिल-मेमध्ये कौलं चाळून घेतली असतील तर त्या माणसाची पावती किंवा त्याला ऑनलाइन पाठवलेल्या पैशांची नोंद ठेवा. ‘देखभालीचा अभाव’ या आक्षेपाला यापेक्षा सरळ उत्तर नाही.

तुटलेला माल टाकू नका

वादळानंतर दोन दिवसांत गवंडी येतो, फुटकी कौलं पाटीत भरतो आणि रस्त्याच्या खड्ड्यात ओततो. पत्रे भंगारवाला नेतो. पंधरा दिवसांनी सर्व्हेअर येतो तेव्हा त्याच्यासमोर नवं छप्पर आणि एक बिल असतं. क्लेम इथे मोडतो.

पाऊस आत येत असताना छप्पर उघडं ठेवावं असं कोणतीही पॉलिसी म्हणत नाही. उलट, आणखी नुकसान होऊ नये म्हणून काळजी घेणं ही तुमचीच जबाबदारी आहे. फोटो काढा, कंपनीला ‘तात्पुरती ताडपत्री टाकत आहोत’ असा एक ओळीचा ई-मेल करा आणि झाका. ताडपत्री, दोर, मजुरी यांची बिलं ठेवा. पक्की दुरुस्ती मात्र सर्व्हे झाल्यावर. सर्व्हेअर येईना आणि थांबणं अशक्य असेल, तर ‘अमुक तारखेपर्यंत पाहणी न झाल्यास दुरुस्ती सुरू करत आहोत, मोडका माल जपून ठेवला आहे’ असं लेखी कळवून मग सुरू करा.

जपून ठेवलेला माल सांगतो काय, ते जवळून पाहा. कौलाची ताजी मोड आतून स्वच्छ, तांबूस असते, तिच्या कडा धारदार असतात. जुनी मोड काळपट, कडा बोथट आणि खाचेत शेवाळ. सिमेंट पत्र्याचंही तसंच: ताज्या मोडीचा रंग फिकट राखाडी, जुनी चीर काळी. लोखंडी पत्र्यावर बोल्टचं भोक बघा. वाऱ्याने ओढून काढलेल्या पत्र्याचं भोक लांबट फाटलेलं असतं, कडा वर वळलेल्या असतात आणि फाटलेल्या जागी धातू चमकतो. भोकाभोवती गंजाचं कडं आणि पत्रा तिथे पापुद्र्यासारखा सुटत असेल, तर तो वाऱ्याआधीच गेलेला होता. पत्रा धरून ठेवणारा जे-हूक वाकलेला आणि त्याचा वॉशर पत्र्यातून आरपार निघालेला असेल तर तो हूक पिशवीत घालून ठेवा. तुटलेली रीप आतून पांढरी, चिवट दिसते. वाळवीने खाल्लेली हातात चुरते.

प्रत्येक जातीचा एखाद-दुसरा ठळक नमुना वेगळा ठेवा, बाकीचा ढीग मोजून त्याचा फोटो काढा. मंगलोरी कौलं एका चौरस मीटरला साधारण पंधरा लागतात, त्यामुळे उघडा पडलेला भाग मोजला की कौलांचा आकडा पडताळता येतो. भंगाराची किंमत सर्व्हेअर क्लेममधून वजा करतो. म्हणून पत्रे आधी विकू नका. नंतर विका आणि पावती ठेवा.

काही नुकसान नवं, काही जुनं असं मिश्र असतं. तेव्हा जुना भाग स्वतःहून वेगळा दाखवा. ‘उत्तरेच्या पाख्यावरचे चार वासे वाळवीचे आहेत, ते क्लेममध्ये नाहीत’ असं सांगितलं की उरलेल्या भागाबद्दल सर्व्हेअरचा विश्वास वाढतो. सगळं एकत्र मागितलं की तो सगळ्यावर झीज लावतो.

वादळ झालं होतं, याचा कागद

मोठ्या चक्रीवादळाबद्दल सहसा वाद होत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला, श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर धडकलं तेव्हा ताशी ११० ते १२० किलोमीटरचा वारा होता. हे हवामान खात्याच्या नोंदीत आहे. मे २०२१ चं तौक्ते वेगळं होतं. त्याचा केंद्रबिंदू समुद्रातच राहिला आणि ते गोवा-सिंधुदुर्ग-रत्नागिरी किनाऱ्याजवळून वर सरकत गुजरातला धडकलं. ‘वादळ इथे आलंच नाही’ असं कोणी म्हणत असेल तर त्याला केंद्रबिंदू आणि वाऱ्याचा घेर यातला फरक दाखवून द्या.

खरी अडचण वळवाच्या पावसाची. दहा मिनिटांचा झंझावात एका वाडीवरून जातो आणि पंचवीस किलोमीटरवरच्या वेधशाळेत पानही हलत नाही. भारत गृह रक्षाच्या मजकुरात वादळ, चक्रीवादळ, तुफान ही नावं आहेत, पण वारा ताशी किती असला म्हणजे वादळ म्हणायचं असा आकडा दिलेला नाही. आक्षेपाला उत्तर देताना हे आवर्जून लिहा आणि स्थानिक पुरावा जोडा: तलाठ्याचा, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याचा पंचनामा, ग्रामपंचायतीचा दाखला, त्या दिवशीची स्थानिक वर्तमानपत्रातली बातमी, मोडलेल्या झाडांचे आणि विजेच्या खांबांचे फोटो, शेजारच्या दोन-तीन घरांच्या छपरांचे फोटो. एका रांगेतली चार छपरं एकाच दिवशी गेली असतील तर झिजेचा मुद्दा टिकत नाही. हवामान खात्याकडून त्या दिवसाची नोंद मागवता येते. कोकणात डहाणू, अलिबाग, हर्णे, रत्नागिरी, वेंगुर्ला आणि गोव्यात पणजी इथल्या वेधशाळांपैकी जवळची सांगा.

पंचनाम्याच्या वेळी घरी कुणीतरी हजर राहा आणि ‘अंशतः नुकसान’ एवढ्यावर थांबू देऊ नका. किती कौलं, किती पत्रे, कोणती बाजू हे लिहून घ्या. सरकारी मदत आणि विमा या दोन वेगळ्या वाटा आहेत, दोन्हीकडे अर्ज करता येतो.

पैसे कमी आले असतील तर

कंपनीकडे सर्व्हे अहवालाची प्रत आणि हिशोबाचा तक्ता लेखी मागा. तक्ता न बघता भांडण्यात अर्थ नाही, कारण कपात चार-पाच वेगवेगळ्या कारणांनी होते आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळं आहे.

‘अपुरा विमा’ ही पहिली. जुन्या पॉलिसीत घराची किंमत २४ लाख, विमा १२ लाख आणि नुकसान १,२०,००० असेल तर ६०,००० च मिळतात, कारण विमा निम्म्याचाच होता. भारत गृह रक्षामध्ये ही कपात नाही. तिथे विमा रक्कम चटई क्षेत्र गुणिले बांधकामाचा चालू दर अशी काढतात (६०० चौरस फूट, दर १,८०० रुपये, तर १०,८०,००० रुपये, जमिनीची किंमत यात येत नाही) आणि तुम्ही दिलेली माहिती खरी व पूर्ण असेल तर विमा रकमेच्या मर्यादेत पूर्ण खर्च मिळतो. तरीही तक्त्यात ही कपात दिसली तर पॉलिसीतलं कलम दाखवून लेखी हरकत घ्या.

दुसरी, घसारा. भारत गृह रक्षा दुरुस्तीचा प्रत्यक्ष खर्च देते, घराच्या वयानुसार टक्के कापत नाही. जुन्या पॉलिसीत बाजारभावाने विमा असेल तर घसारा लागतो.

तिसरी, सुधारणा. कौलं गेली आणि तुम्ही लोखंडी सांगाडा उभारून रंगीत पत्रा टाकला, तर कंपनी कौलांच्याच खर्चापुरती बांधील असते. उरलेला फरक तुमचा.

चौथी, वाढीव बांधकाम. मागच्या पडवीला भिंती घालून खोली केली आणि त्याने चटई क्षेत्र १० टक्क्यांहून जास्त वाढलं, तर ते कळवून जादा प्रीमियम भरलेला नसल्यास त्या भागाचं नुकसान मिळत नाही. ६०० फुटांच्या घराला ही मर्यादा ६० फुटांची आहे, म्हणजे जेमतेम एक लहान खोली.

आणि पाचवी, जिच्यात सगळ्यात जास्त पैसे जातात: मोघम अंदाजपत्रक. ‘छप्पर दुरुस्ती, एकूण १,५०,०००’ असा कागद दिला की सर्व्हेअर स्वतःचं माप आणि स्वतःचा दर घालतो. ओळीओळीने लिहून घ्या: रंगीत पत्रा १० फूट बाय साडेतीन फूट, जाडी ०.५ मिलिमीटर, नग १२, दर. स्क्रू किती, आढ्याची पट्टी किती फूट, रिपा किती रनिंग फूट, सुतार किती दिवस, मजूर किती दिवस, वाहतूक, जीएसटी. दोन वेगळ्या दुकानांची कोटेशनं जोडा. कौलांच्या बाबतीत एक गोष्ट मुद्दाम मांडावी लागते: जुन्या कारखान्यांच्या कौलांचा साचा नव्या कौलांशी जुळत नाही, खाचा एकमेकांत बसत नाहीत आणि सांध्यातून पाणी येतं. अशा वेळी उडालेल्या ऐंशी कौलांसाठी आख्खं पाखं बदलावं लागतं. हे गवंड्याकडून लेखी घ्या आणि जुनं-नवं कौल शेजारी ठेवून, मधली फट दिसेल असा फोटो जोडा. नाहीतर ऐंशी कौलांचेच पैसे येतात.

मोडतोड उचलण्याचा खर्च क्लेमच्या २ टक्क्यांपर्यंत आणि वास्तुविशारद किंवा अभियंत्याची फी ५ टक्क्यांपर्यंत मिळते. घर राहण्याजोगं नसेल तर पर्यायी जागेच्या भाड्याचीही तरतूद आहे. ही कलमं कोणी मागत नाही म्हणून मिळत नाहीत. सामानाचे पैसे पूर्ण कापले असतील तर पुन्हा शेड्यूल बघा: इमारत आणि सामान दोन्ही घेतलं असेल तर सामानाला इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख, इतकं संरक्षण आपोआप असतं. नुसती इमारत घेतली असेल तर काहीच नाही.

शेवटच्या रकमेची पावती सहीसाठी आली आणि रक्कम मान्य नसेल, तर सहीशेजारी ‘आक्षेप राखून स्वीकारले’ असं लिहा.

कंपनी गप्प बसली असेल तर

आयआरडीएआयच्या २०२४ च्या सूचनांनुसार नुकसान कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्याचा अहवाल १५ दिवसांत आणि अहवाल मिळाल्यावर ७ दिवसांत निर्णय. उशीर झाला तर बँक दर अधिक २ टक्के व्याज मागता येतं. या मुदती लिहून कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ई-मेल करा. दोन आठवड्यांत उत्तर नाही तर ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ वर तक्रार नोंदवा.

त्यापुढे विमा लोकपाल. फी नाही, वकील चालत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात. आधी कंपनीकडे लेखी तक्रार केलेली हवी. तिने फेटाळली किंवा महिनाभरात उत्तर दिलं नाही की लोकपालाकडे जाता येतं, आणि त्यासाठी एक वर्षाची मुदत आहे. वरच्या पायऱ्यांत जमवलेला प्रत्येक कागद इथे कामी येतो. लोकपालासमोर लांब निवेदनापेक्षा एक पान बरं: नकाराचा मुद्दा डावीकडे, त्याला खोडणारा पुरावा उजवीकडे.

कुठे थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

छपरावर स्वतः चढू नका. ओल्या कौलावर पाय ठरत नाही आणि सिमेंटचा पत्रा वरून धड दिसला तरी माणसाच्या वजनाने मधोमध फुटतो. तुटलेली विजेची तार पत्र्याला टेकली असेल तर महावितरणचा माणूस येऊन पुरवठा बंद करेपर्यंत घरात कुणी जायचं नाही. फोटो खालून काढा किंवा छपराचं काम नेहमी करणाऱ्याला काढायला सांगा.

आढं खाली झुकलं असेल, तुळई भिंतीतून सरकली असेल, छप्पर पेलणारा लोखंडी सांगाडा (कैची) वाकला असेल किंवा आढ्याखालच्या भिंतीला आडवी चीर गेली असेल, तर गवंड्याच्या मतावर काम सुरू करू नका. स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. त्याच्या पाहणीची आणि आराखड्याची फी वर सांगितलेल्या ५ टक्क्यांत बसते. क्लेमचे कागद तयार करून देण्याची फी बसत नाही, म्हणून दोन बिलं वेगळी घ्या. त्याच्या अहवालात नुकसान कशामुळे झालं, यावर स्पष्ट वाक्य मागा. ‘झीज’ म्हणून आलेल्या नकाराविरुद्ध तो अहवाल सर्व्हेअरच्या अहवालासमोर उभा राहू शकतो.

स्लॅबचं घर आणि छतातून पाणी, एवढंच असेल तर विम्याच्या मागे लागू नका. झाड, टाकी किंवा वीज पडल्याशिवाय वारा सहसा स्लॅब फोडत नाही. गेलेलं असतं ते वॉटरप्रूफिंग. सोसायटीच्या वरच्या मजल्यावर राहत असाल तर गच्ची सोसायटीची आहे, तिथला क्लेम सोसायटीच्या पॉलिसीवर सचिवांमार्फत जातो.

वकील लागतो तो ग्राहक आयोगात जायचं ठरलं तर, विशेषतः कंपनीने तुमच्यावर माहिती लपवल्याचा किंवा खोट्या क्लेमचा आरोप केला असेल तेव्हा. असा आरोप असलेल्या पत्राला स्वतः उत्तर देऊ नका. आधी वकिलाला दाखवा. आयोगाची मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे, त्यामुळे नकाराच्या पत्रावरची तारीख आणि ते हातात पडल्याची तारीख, दोन्ही पाकिटासकट जपून ठेवा.